चाकांवरचें बिऱ्हाड

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, अशी एक म्हण आपल्याकडे रूढ आहे. ज्याला स्थिर घरदार नाहीं, ज्याचा सारा संसार एका गांठोड्यांत मावतो, अशा माणसाविषयीं आपण ती थोड्या कींवेनें व थोड्या थट्टेनें वापरतों. परंतु अमेरिकेंत आपलें चांगलें बांधलेलें घर विकून, सामानसुमान वाटून टाकून, असें बिऱ्हाड बुद्धिपुरस्सर पत्करणारे हजारों लोक आहेत. त्यांच्या या घराला तिकडे ‘रिक्रिएशनल व्हेइकल’, अथवा थोडक्यांत ‘आर. व्ही.’, असें म्हणतात. सुटींत आठ दिवस अशा घरांत काढणें निराळें आणि बाराहि महिने त्यांत संसार करणें निराळें. आज मी बोलणार आहें तें या दुसऱ्या प्रकाराविषयीं.

श्रोतेहो, आपणांपैकीं पुष्कळांचीं मुलें, भाचे, पुतणे त्या देशांत आहेत. त्यांनीं पाठविलेल्या छायाचित्रांत हें घर आपणांस दिसतें. मागें बर्फाचे डोंगर, पुढें घडीच्या दोन खुर्च्या, आणि शेजारीं चहाची किटली. माझा एक जुना विद्यार्थी पत्नीसह दोन वर्षें अशा घरांत राहिला. त्यानें मला जीं पत्रें लिहिलीं त्यांत डोंगर थोडे आणि आंकडे फार होते. जन्मभर शाळेंत अंकगणित शिकविल्यामुळें मला ते आंकडेच अधिक रोचक वाटले, हें सांगावयास नकोच. आजच्या भाषणांत त्यांचाच परिचय करून देण्याचा विचार आहे. कारण या घरांत सुखानें राहणें कीं जीव धोक्यांत घालणें, हें बव्हंशीं त्यांवरच ठरतें.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. मोटारगाडी सामान्य माणसाच्या हातीं आली, तेव्हांच तिच्या आधारानें तंबू ठोकून हिंडण्याची हौस अमेरिकनांना लागली. १९१९ सालीं फ्लॉरिडांतील टँपा शहरीं अशा हौशी लोकांनीं ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नांवाची संस्थाहि काढली. पुढें १९३१ सालीं वॉली बायम या गृहस्थानें ‘एअरस्ट्रीम’ कंपनी स्थापन केली, व १९३६ सालीं तिनें ॲल्युमिनियमचें, गोलाकार पाठीचें, चंदेरी घर बाजारांत आणलें. त्याच घाटाचीं घरें ती कंपनी आजहि बनविते. १९६६ पासून आयोवा प्रांतांतील विनेबेगो कंपनीनें स्वतःचें एंजिन असलेलीं घरें काढण्यास आरंभ केला. आज या धंद्याचें मुख्य ठाणें म्हणजे इंडियाना प्रांतांतील एल्कहार्ट व त्याच्या आसपासचा मुलूख होय.

या घरांचे ढोबळ मानानें तीन प्रकार करतां येतील. पहिला मोटरहोम, म्हणजे ज्यांत एंजिन व घर एकाच सांगाड्यावर असतात तें. दुसरा ट्रॅव्हल ट्रेलर. हें घर मोटारीच्या मागें एका लोखंडी गोळ्यावर अडकवून ओढावयाचें. तिसरा फिफ्थ व्हील. याचा पुढचा भाग उंचावलेला असून तो उघड्या मालमोटारीच्या हौद्यांत, मागील चाकांच्या आंसाजवळ टेकतो. पहिल्यांत ओढण्याची कटकट नाहीं. परंतु एंजिन बिघडलें कीं घरच दुरुस्तीच्या कारखान्यांत जातें आणि घरमालकाला खाणावळ व धर्मशाळा शोधावी लागते. दुसऱ्या दोहोंत घर एका जागीं ठेवून मोटारीनें बाजारहाट करतां येतो. म्हणून कायमचे रहिवासी पुष्कळदां ओढावयाचें घर पसंत करतात. मात्र त्यांतच वजनाचा प्रश्न सर्वांत बिकट होतो.

मोटारींच्या जाहिरातींत ‘ही गाडी इतकें वजन ओढते’ असा एक मोठा आंकडा असतो. नवखा माणूस तो वाचतो, घराच्या जाहिरातींतील वजन वाचतो, दुसरा आंकडा पहिल्याहून लहान आहे असें पाहून संतुष्ट होतो. येथेंच त्याची फसगत होते. ओढणें व वाहणें या दोन भिन्न क्रिया आहेत. ट्रेलरचें बहुतेक वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतें हें खरें. परंतु त्याचा एक हिस्सा जोडाच्या गोळ्यावर, म्हणजे मोटारीच्या पाठीवर पडतो. ट्रॅव्हल ट्रेलरमध्यें हा हिस्सा एकूण वजनाच्या शेंकडा १० ते १५ असावा लागतो. फिफ्थ व्हीलमध्यें तो शेंकडा १५ ते २५ असतो. मोटारीनें स्वतःवर किती भार वाहावा याची मर्यादा तिच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीवर छापलेली असते. माणसें व सामान मिळून इतक्या वजनापुढें जाऊं नये, असें तीवर स्पष्ट लिहिलेलें असतें. पण जाहिरातीपुढें तिच्याकडे पाहतो कोण!

एक उदाहरण सोडवून पाहूं. समजा, मोटारीची ओढण्याची शक्ति ४५०० किलो आहे आणि चिठ्ठीवरील वाहण्याची मर्यादा ७०० किलो आहे. ट्रेलरचें रिकामें वजन २४०० किलो. त्यांत दीडशें लिटर पाणी भरलें म्हणजे १५० किलो झाले. वायूचीं नळकांडीं, विजेच्या बॅटऱ्या, कपडे, धान्य, भांडीं, पुस्तकें व अवजारें मिळून आणखी ४५० किलो सहज होतात. कायमच्या संसाराला हें कांहीं फार नव्हे. एकूण ३००० किलो. गोळ्यावरचा भार शेंकडा १३ धरला तर ३९०. नवरा-बायको मिळून १५०, मोटारींत ठेवलेलें सामान १००, जोडाचें लोखंडी सामान ४०. बेरीज झाली ६८०. मर्यादेला अवघे २० किलो उरले! ओढण्याच्या बाबतींत १५०० किलोंची सवड आहे आणि वाहण्याच्या बाबतींत मात्र एका पाहुण्यालाहि जागा नाहीं. तेव्हां गाडी निवडतांना पाहावयाचा आंकडा हा दुसरा.

हें सर्व कागदावर मांडून भागत नाहीं. प्रत्यक्ष तोलून पाहावें लागतें. लांब पल्ल्याच्या मालमोटारी जेथें विसांव्याला थांबतात, तेथें मोठे वजनकांटे असतात. थोडीशी फी भरून मोटारीचीं पुढचीं चाकें, मागचीं चाकें व ट्रेलरचीं चाकें यांवरील भार निरनिराळा मोजून मिळतो. त्यांत पुढच्या चाकांचा आंकडा विशेष महत्त्वाचा. गोळा मोटारीच्या मागच्या आंसाच्याहि पलीकडे असल्यामुळें, मुलांच्या सी-सॉ खेळांतल्याप्रमाणें, मागें भार पडला कीं पुढची बाजू उचलली जाते. पुढचीं चाकें हलकीं झालीं म्हणजे वळणें व थांबणें हीं दोन्ही कामें बिघडतात. यावर तोडगा म्हणून जोडाला पोलादी लवचीक दांडे बसवितात. त्यांच्या तणावानें भाराचा कांहीं अंश पुढच्या चाकांवर व कांहीं ट्रेलरच्या चाकांवर परत ढकलला जातो.

आतां कोणी म्हणेल कीं, गोळ्यावरचा भार इतका त्रासदायक आहे, तर सामान मागें लोटून तो कमी कां करूं नये? याचें उत्तर आपल्या खेड्यांतील कोणताहि गाडीवान देईल. बैलगाडींत कडब्याच्या पेंढ्या अथवा पोतीं भरतांना भार मागें गेला कीं गाडी उलाळ होते. जूं वर उचललें जातें व बैलांच्या गळ्याला जुंपणीचा फास बसूं लागतो. म्हणून शहाणा गाडीवान भार थोडा पुढें ठेवतो. बैलांच्या मानेवर बेताचें ओझें येईल इतकाच. मोटारीमागच्या घरालाहि हाच नियम लागू आहे. भेद इतकाच कीं, बैलगाडी ताशी तीन मैल चालते व हें घर साठ मैल धांवतें. म्हणून येथें उलाळ भाराचा परिणाम वरखालीं होण्याऐवजीं आडवा दिसतो. वाऱ्याच्या झोतानें किंवा शेजारून जाणाऱ्या मालमोटारीच्या धक्क्यानें ट्रेलरची शेपटी किंचित् हलते. भार पुढें असला तर ती आपोआप सरळ होते. भार मागें असला तर प्रत्येक हेलकावा आधींच्याहून मोठा होत जातो. वेग जितका अधिक तितकी ही वाढ जलद. आणि कांहीं क्षणांत शेपटी मोटारीलाच फिरवून रस्त्याच्या खालीं नेते.

असें हेलकावे सुरू झाले असतां काय करावें, हें आधीं माहीत असलें पाहिजे. कारण त्या वेळीं विचाराला अवसर नसतो. घाबरून मोटारीचा ब्रेक दाबणें किंवा चाक झटक्यानें फिरविणें ही सर्वांत वाईट गोष्ट. पाय वेगाच्या पट्टीवरून हळूच उचलावा, चाक सरळ धरून ठेवावें, आणि ट्रेलरच्या स्वतंत्र विद्युत् ब्रेकची जी कळ ड्रायव्हरच्या हाताशीं असते ती दाबावी. म्हणजे मागचें ओझें मागें ताणलें जाऊन दोन्ही वाहनें एका रेषेंत येतात. पण खरा उपाय म्हणजे भार बरोबर ठेवणें व वेग आवरणें. कॅलिफोर्निया प्रांतांत ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारें ८९ किलोमीटरांची, मर्यादा कायद्यानेंच घातली आहे. ट्रेलरचे पुष्कळसे टायर ताशी ६५ मैलांसाठींच बनविलेले असतात. त्यांची नक्षी झिजलेली नसली तरी उन्हानें व वयानें रबर आंतून कमकुवत होतें. म्हणून पांच-सात वर्षांनीं ते बदलणें इष्ट.

निघण्यापूर्वीं करावयाच्या तपासणीची यादी माझ्या विद्यार्थ्यानें एका पुठ्ठ्यावर लिहून मोटारीच्या चाकाला बांधून ठेवली होती. ती वाचल्याशिवाय चाकाला हात लावतां येत नसे. गोळा बसला व खिळ घातली का. दोन सांखळ्या जोडाखालीं एकमेकींवरून तिरप्या अडकविल्या का, म्हणजे जोड सुटलाच तर ट्रेलरची जीभ जमिनीत न घुसतां त्यांच्या झोळींत पडेल. जोड तुटल्यास ट्रेलरचे ब्रेक आपोआप लावणारी तार जागेवर आहे का. दिवे लागतात का. छपरावरचीं झांकणें मिटलीं का. पायरी आंत घेतली का. शेवटीं एक आंकडा असे, तो घराच्या उंचीचा. नॉर्थ कॅरोलायना प्रांतांतील डरम गांवीं एक रेल्वेपूल रस्त्यापासून अवघा ११ फूट ८ इंच उंच होता. त्यावर आदळून वर्षानुवर्षें गाड्यांचीं छपरें सोलून निघत असत. २०१९ सालीं तो ८ इंच वर उचलला, तरी उंच गाड्या त्यावर आदळावयाच्या राहिल्या नाहींत. कित्येक फिफ्थ व्हील घरांची उंची १३ फुटांवर असते, हें लक्षांत घेतलें म्हणजे यादींत तो आंकडा कां, तें कळेल. घर मागें घेण्याची एक सोपी युक्तिहि त्यानें कळविली होती: हात चाकाच्या तळाशीं धरावा, मग हात ज्या बाजूला न्यावा त्याच बाजूला ट्रेलरची शेपटी वळते.

मुक्कामावर पोंचल्यानंतर दुसरें गणित सुरू होतें, तें पाण्याचें. घरांत तीन टांक्या असतात: एक स्वच्छ पाण्याची, एक स्नानाच्या व भांड्यांच्या सांडपाण्याची, आणि एक मैल्याची. दीडशें लिटर पाणी ऐकावयास पुष्कळ वाटतें. परंतु साधा शॉवर मिनिटाला आठ-नऊ लिटर पाणी सोडतो. दोघांनीं प्रत्येकीं आठ मिनिटें स्नान केलें कीं टांकी आटली. आपली एक बादली पाणी व तांब्या घेऊन स्नान करण्याची रीत येथें श्रीमंती ठरते! शिवाय वापरलेलें पाणी नाहींसें होत नाहीं. तें दुसऱ्या टांकींत साठतें, आणि तें हवें तेथें ओतून देण्यास पुष्कळ ठिकाणीं बंदी आहे. मैल्याच्या टांकीचा नियम तर प्रथमदर्शनीं उलटा वाटतो. मुक्कामावर गटाराची सोय असली तरी तिची झडप उघडी ठेवावयाची नाहीं; टांकी निदान दोन-तृतीयांश भरल्यावरच उघडावयाची. झडप उघडी राहिली तर द्रव तेवढा वाहून जातो व घन भाग तळाशीं सांचून घट्ट बसतो. आधीं मैल्याची टांकी मोकळी करावी व मागाहून सांडपाण्याची, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. हें काम नाक मुरडणाऱ्याचें नव्हे. आणि या संसारांत तें करावयास दुसरें कोणी नसतें.

तिसरें गणित विजेचें. अमेरिकेंत घरगुती वीज १२० व्होल्टची. मध्यम आकाराच्या घराला मुक्कामावर ३० अँपिअरची जोडणी मिळते, म्हणजे एका वेळीं ३६०० वॅट. गारवा देणारें यंत्र १५०० वॅट, मायक्रोवेव्ह शेगडी १५०० वॅट, विजेची किटली १५०० वॅट. तिन्हीं एकदम चालविलीं कीं घरांत अंधार. मोठ्या घरांना ५० अँपिअरची जोडणी असते. तिच्यांत दोन स्वतंत्र तारा असल्यामुळें १२००० वॅटपर्यंत वीज मिळते. जेथें जोडणीच नाहीं तेथें सर्व भिस्त सूर्यावर व बॅटरीवर. १२ व्होल्टच्या १०० अँपिअर-तासांच्या एका बॅटरींत १२०० वॅट-तास वीज मावते. गारव्याचें यंत्र तीवर एक तासहि चालणार नाहीं. म्हणून हे लोक उन्हाळ्यांत उत्तरेकडे वा डोंगरांवर आणि हिंवाळ्यांत दक्षिणेकडे सरकतात. अशा रीतीनें ऋतूंच्या मागें जाणें हें त्यांना हौसेइतकेंच निकडीचें होऊन बसतें. कडक थंडींत नळांतलें पाणी गोठून नळच फुटतात.

मग हें घर उभें कोठें करावयाचें? वीज, पाणी व गटार देणाऱ्या खाजगी तळांचें भाडें भरलें, तर स्वस्ताईची कल्पना लवकरच विरघळते. पश्चिमेकडील प्रांतांत केंद्र सरकारच्या विस्तीर्ण पडीक जमिनी आहेत. त्यांतील पुष्कळ ठिकाणीं भाडें न देतां उतरतां येतें, पण सामान्यतः २८ दिवसांच्या मुदतींत १४ दिवसच. त्यानंतर जागा सोडावी लागते. ॲरिझोनांतील क्वार्ट्झसाइट गांवाजवळच्या वाळवंटांत मात्र १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळांत फी भरून दीर्घ मुक्काम करण्याची सोय केलेली आहे. हिंवाळ्यांत तेथें चाकांवरचें एक नगरच वसतें.

यापुढची अडचण कोणत्याहि कांट्यावर मोजतां येत नाहीं. ज्याला घराचा पत्ता नाहीं त्याला सरकार ओळखणार कसें? वाहनपरवाना, मतदान, कर, विमा व टपाल यांना एक स्थिर ठिकाण लागतें. म्हणून हे लोक बहुधा साउथ डकोटा, टेक्सस किंवा फ्लॉरिडा या प्रांतांत आपला कायदेशीर निवास दाखवितात. या तिन्ही प्रांतांत प्रांतिक प्राप्तिकर नाहीं, आणि टपाल घेऊन तें मुक्कामावर पाठविणाऱ्या संस्था तेथें आहेत. वैद्यकीय विम्याचें कोडें याहून कठीण. पुष्कळ विमा-योजनांत ठराविक भागांतील ठराविक डॉक्टरांकडेच खर्च मिळतो. रुग्ण मात्र हजार मैलांवर असतो.

येथें एका गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून चित्र पुरें होणार नाहीं. या घरांत राहणारे सर्वच हौसेनें आलेले नसतात. २००८ च्या आर्थिक मंदींत ज्यांचीं घरें व जन्माची शिल्लक गेली, असे कित्येक साठी उलटलेले लोक जुन्या गाडींत राहावयास गेले. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनीं त्यांच्यांत मिसळून ‘नोमॅडलँड’ हें पुस्तक २०१७ सालीं प्रसिद्ध केलें. त्यावरून निघालेल्या चित्रपटास २०२१ सालीं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें ऑस्कर पारितोषिक मिळालें. हे लोक हंगामाप्रमाणें कामाच्या शोधांत हिंडतात. ऑक्टोबरांत नॉर्थ डकोटा व मिनेसोटाच्या सीमेवर साखरेच्या बीटची काढणी असते. तेथें थंडींत बारा-बारा तासांच्या पाळ्या करणाऱ्यांत पिकल्या केसांचीं माणसेंहि असतात. आपल्याकडील ऊसतोडीच्या तांड्यांची आठवण होते ती येथें. छायाचित्रांतल्या त्याच दोन खुर्च्या, पण एकाला तें सुट्टीचें घर व दुसऱ्याला शेवटचा आसरा.

हौसेनें गेलेल्यांनाहि म्हातारपण चुकत नाहीं. ट्रेलर जोडण्यास कंबर लागते, छपरावर चढण्यास गुडघे लागतात, आणि रात्रीं रस्ता ओळखण्यास डोळे लागतात. जो व के पीटरसन या दांपत्यानें १९७८ सालीं स्थापन केलेल्या ‘एस्केपीज’ या संस्थेनें ही गोष्ट ओळखली. टेक्ससमधील लिव्हिंग्स्टन येथें तिच्या मुख्य ठाण्याजवळ असें एक केंद्र आहे कीं, जेथें वयामुळें वा आजारामुळें ज्यांना गाडी चालवितां येत नाहीं ते आपापल्याच चाकांच्या घरांत राहतात, आणि त्यांना जेवण व देखभाल मिळते. परंतु असें केंद्र सर्वांच्या वाट्याला येत नाहीं. म्हणून या संसारांत शिरणाऱ्यानें परतीच्या वाटेची रक्कम पहिल्याच दिवशीं बाजूला काढून ठेवावी. कारण असलें घर वर्षागणिक किंमत गमावतें, आणि स्थिर घरांच्या किंमती त्याच्यासाठीं थांबून राहत नाहींत.

तेव्हां आपल्यापैकीं कोणाचा मुलगा वा मुलगी असें घर घेण्याचा बेत कळवील, तर त्याला परावृत्त करण्याची घाई करूं नये. दोन-चार प्रश्न मात्र अवश्य विचारावे. आधीं एखादा महिना, तोहि गैरसोयीच्या ऋतूंत, भाड्याच्या घरांत राहून पाहिलें आहे का? भरलेली गाडी कांट्यावर तोलली आहे का? शेजारीं बसणाऱ्यालाहि ती चालवितां व सोडवितां येते का? आणि आपण स्वतः तिकडे जाऊन प्रवासाला निघालां, तर वडीलपणाचा संकोच न करतां मोटारींतच बसावें. आडवें होण्याच्या मोहानें चालत्या ट्रेलरांत बसूं नये. पुष्कळ प्रांतांत त्यास कायद्यानें मनाई आहे, आणि जेथें ती नाहीं तेथेंहि हेलकाव्याचा नियम तोच आहे. मुक्कामावर पोंचल्यावर ते डोंगर व तो चहा आपली वाट पाहत असतीलच. तेथें पुढें किती दिवस राहतां येईल, हें पाण्याच्या टांकीला विचारावें.